पिक्सेल ९ए घ्यावा की वनप्लस, सॅमसंग, आयफोन? पाच वर्षं फोन वापरणाऱ्यासाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा : बजेट पन्नास हजारांच्या आसपास आहे आणि फोन किमान पाच वर्षं वापरायचा आहे. घरात चार वर्षांचं मूल असल्याने फोटो सतत काढले जातात, गेम जवळजवळ नाहीत. घरचं आणि कामाचं अशी दोन सिम आहेत, राहणं कोल्हापुरात. गुगलचा पिक्सेल ९ए १६ एप्रिल २०२५ पासून भारतात विकायला आला आहे. तो घ्यावा, की वनप्लस १३आर, सॅमसंग गॅलेक्सी एस२४ एफई आणि आयफोन १६ई यांपैकी एक?

थेट सांगायचं तर तुमच्या वापराला पिक्सेल ९ए सगळ्यात जास्त जुळतो. पण पैसे भरण्याआधी दोन गोष्टी तपासा : तुमच्या घरात त्याला रेंज नीट मिळते का, आणि बिघडला तर तो कुठे दुरुस्त होणार. यातल्या एकीतही अडलं तर एस२४ एफई घ्या. वनप्लस १३आर हा या चौघांतला सगळ्यात दणकट हार्डवेअरचा फोन आहे, तरीही लहान मुलाचे फोटो हे पहिलं काम असेल तर तो माझ्या यादीत तिसरा येतो.

आधी किमतींचा घोळ मिटवू. पिक्सेल ९ए भारतात एकाच प्रकारात आला : ८ जीबी रॅम, २५६ जीबी स्टोरेज, ४९,९९९ रुपये. वनप्लस १३आर जानेवारी २०२५ मध्ये १२/२५६ साठी ४२,९९९ रुपयांना आला. एस२४ एफई २०२४ मध्ये ८/१२८ साठी ५९,९९९ ला आला होता, नंतर ऑनलाइन तो त्यापेक्षा बराच खाली मिळू लागला. आयफोन १६ई २०२५ मध्ये १२८ जीबीला ५९,९०० आणि २५६ जीबीला ६९,९०० ला आला. १२८ ची किंमत २५६ च्या शेजारी ठेवून तुलना करू नका. चारांपैकी एकातही मेमरी कार्डाची सोय नाही, आणि आयफोनवर ४के ३० फ्रेमचा व्हिडिओ मिनिटाला साधारण १७० एमबी खातो. बालवाडीच्या स्नेहसंमेलनातला दहा मिनिटांचा नाच घेतला की पावणेदोन जीबी संपले. पाच वर्षांच्या हिशेबात १२८ जीबी कमीच पडणार. शिवाय चार्जर फक्त वनप्लसच्या खोक्यात मिळतो, बाकी तिघांत नुसती केबल.

आता मुद्द्याचं, म्हणजे फोटो.

घरातल्या ट्यूबलाइटखाली धावणाऱ्या मुलाचा फोटो हलतो तो कॅमेरा वाईट म्हणून नव्हे. प्रकाश कमी असला की फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, समजा सेकंदाचा तिसावा भाग. तेवढ्यात मुलाचा हात दोन-तीन इंच सरकलेला असतो. लेन्सला असलेलं ओआयएस तुमच्या हाताची थरथर सावरतं, मुलाची हालचाल नाही. मेगापिक्सेल वाढवूनही उपयोग नाही. इलाज एकच, शटर लवकर मिटवायचं आणि त्यामुळे घटलेला प्रकाश दुसरीकडून भरून काढायचा.

पिक्सेल नेमकं हेच करतो. कॅमेरा उघडा असताना तो सतत छोट्या छोट्या फ्रेम साठवत असतो. बटण दाबलं की आधीच्या काही फ्रेम एकत्र करून फोटो बनवतो, म्हणून दाबायला किंचित उशीर झाला तरी क्षण हुकत नाही. चेहरा हलतोय असं दिसलं तर तो अल्ट्रावाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणारा, कॅमेराही त्याच वेळी सुरू करतो. त्यातून जलद शटरचा, थोडा काळपट पण स्पष्ट चेहरा घेतो आणि मुख्य कॅमेऱ्याच्या उजळ फोटोवर बसवतो. या सोयीचं नाव ‘फेस अनब्लर’. त्यासाठी दोन कॅमेरे लागतात, आणि आयफोन १६ईला मागे एकच कॅमेरा आहे. ९एचा मुख्य कॅमेरा ४८ मेगापिक्सेलचा आहे, सेन्सर साधारण अर्ध्या इंचाच्या वर्गातला, म्हणजे मागच्या पिक्सेल ८एपेक्षा थोडा लहानच. तरीही घरातल्या फोटोत तो मार खात नाही, कारण बहुतेक काम या जोडणीचं असतं.

वनप्लस १३आरचा मुख्य सेन्सर याहून मोठा आहे आणि सोबत २एक्सचा खरा टेलिफोटो, म्हणजे लांबचं दुप्पट जवळ आणणारी वेगळी लेन्सही आहे. उन्हात, किंवा माणूस शांत बसलेला असताना पोर्ट्रेट उत्तम येतात. त्याची दुबळी बाजू ८ मेगापिक्सेलचा अल्ट्रावाइड. छोट्या हॉलमध्ये सगळं घर एका फोटोत बसवायला गेलात की कडेची माणसं पुसट येतात. एस२४ एफईकडे ३एक्सचा टेलिफोटो आहे, शाळेच्या स्टेजवरचा कार्यक्रम मागच्या रांगेतून टिपायला तो चौघांत सरस. मात्र घरात सॅमसंग शटर जरा जास्त वेळ उघडं ठेवतो आणि हलणारं मूल धूसर होतं. ही सॅमसंगची जुनी खोड अजून पुरती गेलेली नाही. आयफोन १६ईचा व्हिडिओ चौघांत पहिला. रंग आणि आवाज दोन्ही एकसारखे राहतात. पण अल्ट्रावाइड नाही, अगदी जवळून काढायचे मॅक्रो फोटो नाहीत आणि पडदा ६० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला साठच वेळा चित्र बदलणारा. साठ हजारांत हे मला पटत नाही. घरातल्या सगळ्यांकडे आयफोन असतील आणि फेसटाइम, एअरड्रॉपवर रोजचं काम चालत असेल, तेवढाच १६ई घेण्याचा सबळ मुद्दा.

दुकानात गेल्यावर भिंतीवरच्या पोस्टरचा फोटो काढून काहीही कळत नाही. मुलाला सोबत न्या, किंवा बरोबरच्या माणसाला तोंडासमोर हात हलवत उभं करा. दुकानाच्या आतल्या बाजूला, दारापासून लांब, प्रत्येक फोनने सलग दहा फोटो काढा. मग गॅलरीत जाऊन डोळ्यांवर झूम करा. पापण्या वेगळ्या दिसतात का तेवढंच बघा आणि दहापैकी किती जमले ते मोजा. टेलिफोटो खराच वापरला जातोय का हेही बघता येतं : झूमच्या आकड्यावर जा आणि टेलिफोटोच्या लेन्सवर बोट ठेवा. पडदा काळा झाला तर ती लेन्स चालू आहे. चित्र तसंच राहिलं, तर फोन मुख्य कॅमेऱ्याचाच मधला तुकडा मोठा करून दाखवतोय. कमी उजेडात बरेच फोन गुपचूप असं करतात, म्हणून हा प्रयोग दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात करा.

बॅटरीबद्दल जरा थांबून वाचा, कारण पाच वर्षांचा खरा हिशेब इथे आहे.

पिक्सेल ९एमध्ये ५,१०० एमएएचची बॅटरी आहे, वनप्लसमध्ये ६,०००, एस२४ एफईमध्ये ४,७००, आयफोनमध्ये सुमारे ४,०००. नव्या फोनवर वनप्लस आरामात दीड दिवस जातो, पिक्सेल रात्रीपर्यंत निर्धास्त पोचतो. पण ९एमध्ये ‘बॅटरी हेल्थ असिस्टन्स’ नावाची एक व्यवस्था आहे आणि ती बंद करता येत नाही. २०० चार्ज सायकल झाल्या की फोन बॅटरीचा कमाल व्होल्टेज टप्प्याटप्प्याने खाली आणतो, आणि हे १,००० सायकलपर्यंत चालू राहतं. लिथियम बॅटरीची सगळ्यात जास्त झीज वरच्या टोकाला, पूर्ण भरलेल्या अवस्थेत होते. व्होल्टेज थोडा कमी ठेवला की झीज आणि फुगण्याचा धोका घटतो. त्याची किंमत म्हणजे एका चार्जमध्ये मिळणारा वेळ हळूहळू कमी होतो, चार्जिंगचा वेगही थोडा बदलू शकतो.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय? एक सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वापर. आज ५० आणि उद्या ५० टक्के वापरले तर दोन दिवसांत मिळून एक. रोज ८० टक्के बॅटरी संपते असं धरलं तर २०० सायकल साधारण २५० दिवसांत, म्हणजे आठ महिन्यांत होतात, आणि १,००० सायकल सव्वातीन-साडेतीन वर्षांत. म्हणजे चौथ्या वर्षी एकदा बॅटरी बदलायचा खर्च आजच धरून ठेवा. तसा तो चारही फोनना धरायला हवा. इतर फोनची बॅटरी आपोआप झिजते, ९एमध्ये ती झीज ठरवून आखलेली आहे, एवढाच फरक. सायकलींचा आकडा सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली बॅटरीच्या माहितीत दिसतो. दर सहा महिन्यांनी तो बघायची सवय ठेवा.

गुगलच्या ए मालिकेचा बॅटरीचा इतिहास निर्मळ नाही, हेही सांगायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये पिक्सेल ४एला आलेल्या अपडेटने त्याची वापरता येणारी बॅटरी कमी केली, आणि ७एच्या काही फोनमध्ये बॅटरी फुगल्यामुळे मोफत बदलून देण्याची योजना गुगलला काढावी लागली. ९एची विक्रीही मार्चमधल्या घोषणेनंतर काही फोनमधल्या एका भागाच्या दर्जाच्या कारणावरून पुढे ढकलली गेली होती. म्हणून बिल, खोकं आणि आयएमईआयचा (फोनच्या ओळख क्रमांकाचा) फोटो जपून ठेवा. अशा योजनांत तेच कामी येतं.

चार्जिंगमध्ये वनप्लस एकतर्फी जिंकतो. त्याच्या ८० वॅटच्या चार्जरने तासाभराच्या आत बॅटरी भरते. पिक्सेल जास्तीत जास्त २३ वॅट घेतो आणि पूर्ण भरायला दीड तासाहून अधिक लागतो. इथे बरेच जण एक चूक करतात : घरात वनप्लसचा जुना मोठा चार्जर आहे, तोच पिक्सेलला लावू. त्या चार्जरचा वेग वनप्लसच्या स्वतःच्या पद्धतीवर चालतो. यूएसबी-ए तोंडाच्या त्या चार्जरवर पिक्सेल साध्या फोनसारखा रांगत चार्ज होतो. पिक्सेलला यूएसबी पॉवर डिलिव्हरी या सर्वमान्य पद्धतीचा, त्यातही ‘पीपीएस’ (त्याच पद्धतीचा पुढचा प्रकार) लिहिलेला, ३० वॅट किंवा त्याहून मोठा टाइप-सी चार्जर घ्या. चार्जरच्या अंगावर बारीक अक्षरांत पीपीएसची ओळ असते. ती नसेल तर पूर्ण वेग मिळेलच असं नाही. हाच चार्जर एस२४ एफईच्या २५ वॅटलाही चालतो. रात्री उशाशी लावून झोपणार असाल तर सेटिंग्जमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावा, म्हणजे वरच्या टोकाची झीज वाचते.

प्रोसेसरबद्दल थोडक्यात. वनप्लसचा स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ हा पिक्सेलच्या टेन्सर जी४पेक्षा वेगवान आहे, ग्राफिक्समध्ये तर फारच पुढे. गेम खेळणाऱ्याने इथेच वाचन थांबवून १३आर घ्यावा. व्हॉट्सअ‍ॅप, बँकेची अ‍ॅप, मॅप आणि कॅमेरा एवढ्या वापरात हा फरक हाताला जाणवत नाही. रॅमचा फरक मात्र पुढे जाणवेल. ९एमध्ये ८ जीबीच आहे, म्हणून फोनवरच चालणारं गुगलचं एआय मॉडेलही त्यात छोटं दिलं आहे, आणि पिक्सेल ९मधल्या स्क्रीनशॉट शोधण्यासारख्या काही सोयी यात नाहीत. इंटरनेटवर चालणारं जेमिनाय पूर्ण मिळतं आणि त्याच्याशी मराठीत बोलताही येतं, पण ते बाकी तिन्ही फोनवरही मिळतं. एआय या शब्दासाठी पाच पैसेही जास्त देऊ नका.

उष्णतेचा मुद्दा मात्र आपल्याकडे खरा आहे. फोन बहुतेक ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात गाडीच्या काचेला लावलेला, मॅप चालू असलेला आणि सोबत चार्ज होणारा फोन त्यापलीकडे सहज जातो. मग तो पडदा अंधुक करतो, चार्जिंग थांबवतो आणि कॅमेरा बंद करतो. टेन्सर लवकर तापतो. वनप्लसमध्ये उष्णता पसरवायची व्यवस्था मोठी आहे. पिक्सेल घेतला तर गाडीत होल्डर एसीच्या जाळीवर लावा, काचेवर नको, आणि लांबच्या प्रवासात उन्हात वायरलेस चार्जिंग टाळा.

पडद्यात फार गुंतू नका. पिक्सेलचा ६.३ इंचांचा पडदा उन्हात वाचायला उत्तम आहे. कंपनी सांगते तो २,७०० निट्सचा (निट हे उजेडाचं माप) आकडा पडद्याचा अगदी छोटा भाग उजळलेला असतानाचा असतो, संपूर्ण पांढऱ्या पानाचा नव्हे. फोन घरी आणल्यावर डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘स्मूद डिस्प्ले’ चालू आहे का ते बघा, नाहीतर पडदा ६० हर्ट्झवरच चालत राहील. काच गोरिला ग्लास ३ म्हणजे जुनी आहे, तेव्हा टफन ग्लास पहिल्याच दिवशी लावा आणि मग बोटांचे ठसे पुन्हा नोंदवा. सेन्सर पडद्याखाली आणि ऑप्टिकल आहे, काच लावण्याआधीचे ठसे काच लावल्यावर अडतात. मागचं कव्हर मॅट प्लास्टिकचं आहे आणि कॅमेरा जवळपास सपाट बसवला आहे. फोन टेबलावर डुगडुगत नाही. वजन १८६ ग्रॅम, वनप्लसचं २०६ आणि एस२४ एफईचं २१३. एका हाताने मूल सांभाळत फोटो काढणाऱ्याला हा फरक संध्याकाळपर्यंत कळतो.

आता ती पहिली अट, नेटवर्क. ९एमध्ये एक्झिनॉस ५३०० मोडेम (मोबाइल नेटवर्कशी जोडणारी चिप) आहे, पिक्सेल ९मधल्यापेक्षा जुना. शहरात अडचण येत नाही. पण कमी रेंजच्या घरात तो सिग्नल धरून ठेवायला जास्त बॅटरी खातो आणि खिशात गरम लागतो. तपासायची सोपी युक्ती अशी : ओळखीत कुणाकडे पिक्सेल ७ किंवा ८ असेल तर त्यातही मोडेम याच जातीचा आहे. एक दिवस तुमचं सिम त्यात घालून घरात फिरा. सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस असं गेलं की सिग्नलचा आकडा उणे डीबीएममध्ये दिसतो. उणे ८० ते ९५ म्हणजे छान, उणे ११० च्या पलीकडे म्हणजे कॉल तुटायला लागणार. स्वयंपाकघर, मागची खोली आणि जिना या तीन जागी आकडा लिहून घ्या. दोन जागी उणे ११५ च्या आसपास आला आणि घरात वायफाय कॉलिंगही चालत नसेल, तर ९ए घेऊ नका.

दुसरी अट दुरुस्ती. सॅमसंगची सेवा केंद्रं तालुक्यापर्यंत पोचली आहेत, गुगलची तशी नाहीत. कंपनीच्या साइटवर तुमचा पिनकोड टाका. जवळचं केंद्र निघालं तर फोन करून एवढंच विचारा : ९एचा पडदा आणि बॅटरी तुमच्याकडे बदलून मिळते का, की फोन कुरिअरने पाठवता? कुरिअर असेल तर दहा-बारा दिवस दुसरा फोन हाताशी लागेल. वनप्लसची सेवा मोठ्या शहरांत ठीक आहे, आणि पडद्यावर हिरवी रेघ उमटण्याच्या दोषासाठी कंपनीने भारतात आजीवन हमी जाहीर केली आहे. ही जमेची बाजू. कोकण-कोल्हापूरच्या पावसासाठी एक गोष्ट लक्षात ठेवा : पाणी-धुळीपासून संरक्षणाच्या दर्जात पिक्सेल, सॅमसंग आणि आयफोन आयपी६८ आहेत, वनप्लस आयपी६५, म्हणजे पावसाच्या माऱ्याला चालेल, बादलीत पडलेला चालणार नाही. आणि आयपी६८ असला तरी आत पाणी शिरल्यास वॉरंटी मिळत नाही. चौथ्या वर्षी बॅटरीसाठी फोन उघडला की कडेचा चिकट सील नवा लावून घ्या, तसं बिलावर लिहून मागा.

अपडेटमध्ये पिक्सेल आणि एस२४ एफईला सात वर्षांची हमी आहे, वनप्लसला चार अँड्रॉइड आवृत्त्या आणि सहा वर्षांचे सुरक्षा अपडेट. तुमच्या पाच वर्षांना तिन्ही पुरतात. या मुद्द्यावर निर्णय फिरवायची गरज नाही.

घाई नसेल तर थांबा. पिक्सेल ८ए मे २०२४ मध्ये ५२,९९९ ला आला आणि त्याच वर्षीच्या सणासुदीच्या सेलमध्ये चाळीस हजारांच्या खाली गेला. ९एचीही सेलमधली किंमत बघून मगच ठरवा.

शेवटचा अडथळा दोन सिमचा. वनप्लस आणि सॅमसंगमध्ये दोन्ही सिम सरळ बसतात. पिक्सेलमध्ये एकच सिम बसतं, दुसरं ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणारं सिम, करावं लागतं. नव्या फोनवर *#०६# डायल करून ईआयडी (ई-सिमचा क्रमांक) आणि आयएमईआय लिहून घ्या आणि जिओ किंवा एअरटेलच्या अ‍ॅपमधून अर्ज करा. बँकेला जोडलेलं सिम ट्रेमध्येच ठेवा आणि दुसरं ई-सिम करा. कारण सिम बदललं की सुरक्षेसाठी त्या नंबरचे एसएमएस २४ तास बंद राहतात, ना ओटीपी येतो ना यूपीआयची नोंदणी होते. ज्या दिवशी पगार, हप्ता किंवा रेल्वेचं तिकीट अडून असेल त्या दिवशी हे काम काढू नका. जुना फोनही पुसण्याआधी दोन दिवस तसाच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप नव्या फोनवर उतरला, बँकेची अ‍ॅप सुरू झाली आणि ई-सिमवरून एक कॉल आला-गेला, की मगच तो रिकामा करा.